आडवा, मग उभा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि बिसराम टेंभऱ्यानं आदल्या दिवशी काय करून ठेवलं होतं, ते सगळ्या घराला दिसलं.

आंगणात सुनेची काळी गाडी उभी होती. आठ दिवस आभाळ असं दाटून होतं की काळा रंग नुसता काळाच दिसत होता. ऊन बॉनेटवर उतरलं आणि त्या काळ्यातून बारीक बारीक गोल रेघांचं जाळं वर आलं. सूर्याच्या भोवती रिंगणावर रिंगण. बिसराम डावीकडे सरकला, तर रिंगणंही सरकली. उजवीकडे गेला, तर तिथंही हजर. दारावर, छपरावर, डिक्कीवर, जिथं पाहावं तिथं.

"हे का झालं जी?" धुरपताबाईनं ओसरीतून विचारलं. ती त्याची बायको. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात, उत्तर आधीच माहीत असलेले प्रश्न विचारायची तिची सवय गेली नव्हती.

बिसराम आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता.

त्याचं असं झालं होतं. बैलांची शेवटची जोडी दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून नांगरट, चिखलणी सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर. मागच्या पोळ्याला बिसराम दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहिला. या वर्षी मात्र पहाटेच जाग आली आणि हात काही गप्प बसेनात. सून रात्रपाळी करून आली होती, आत झोपली होती. आंगणात गाडी होती. मग त्यानं तेच केलं जे पन्नास वर्षं केलं होतं. तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, घट्ट बोळा वळला, तळ्यातून चार बादल्या पाणी आणलं आणि जनावर धुतात तशी गाडी धुतली. पाठीवरून, पोटावरून, गोल गोल, दाबून दाबून. बैलाला असं घासलं की तो डोळे मिटून मान खाली टाकतो. गाडीनं मान टाकली नाही, पण चमकली खरी. आदल्या संध्याकाळचं खांदे मळणं राहून गेलं होतं, तेही करून टाकावं म्हणून गाडीला खांदा कुठं असतो यावर त्यानं बराच विचार केला, आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या आरशांच्या मुळाशी हळद-लोणी चोळलं. गावातली माणसं येऊन फोटो काढून गेली. सून उठून बाहेर आली, तीही हसली, तिनंही फोटो काढला.

आज ती हसत नव्हती.

चेतना आरोग्य केंद्रात नर्स होती. गाडी तिनं स्वतःच्या पगारातून घेतली होती आणि कागदावर नाव तिचं एकटीचं होतं. सगळे म्हणाले पांढरी घे, काळीवर धूळ दिसते. ती म्हणाली, धूळ दिसली तर पुसता येते. आता तिनं ओढणीच्या टोकानं एक रेघ पुसून पाहिली. गेली नाही. दुसरी पुसली. मग ओढणी झटकली, गाडीत बसली आणि ड्यूटीवर निघून गेली.

संध्याकाळी ती पायी घरी आली. गाडी तिनं रस्त्यावरच्या केवलरामच्या टिनाच्या शेडात लावली होती, वर कव्हर टाकून.

"तिथं सावली हाय," ती म्हणाली.

सावली घरीही होती. गोठा तर दोन वर्षांपासून सावलीशिवाय दुसरं काही सांभाळत नव्हता.

चार दिवस गाडी केवलरामकडेच राहिली. चेतना रोजच्यासारखी वागत होती. सासऱ्याला चहा देत होती, बीपीची गोळी घेतली का विचारत होती. ती भांडली असती तर बिसरामला बरं वाटलं असतं; भांडणाला निदान तोंड असतं. हे म्हणजे घरातलं एक दार कुणीतरी अगदी हळूच ओढून घ्यावं तसं झालं होतं.

"पोरीनं एवढ्या हौसेनं घेतली," धुरपताबाई म्हणाली, "आन तुमी तिची म्हैस करून टाकली."

"मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतं तं येवढं चांगलं झालंच नसतं. एक जागा सोडली नाई तुमी."

उमेंद्र, त्यांचा मुलगा, राइस मिलवर मशीन चालवायचा. त्याच्या दृष्टीनं जगातल्या सगळ्या दुखण्यांवर कुठली ना कुठली मशीन होती. जेवताना तो म्हणाला, "इतवारी गाडी गोंदियाले नेतो बाबूजी. दोन घंट्यात साफ करून देतेत. तुमी कायले जीव जाळून रायले?"

"नेऊ नको."

"काऊन?"

"मी घासलं. मीच काढीन."

"हातानं?"

"केलं हातानंच ना?"

उमेंद्रनं बायकोकडे पाहिलं. चेतना वरणात भात कालवत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण कालवायची थांबली.

तालुक्याच्या गावी, गोरेगावला, बाजाराच्या दिवशी बिसराम सकाळच्या एसटीनं गेला आणि बाजारात न शिरता सरळ खुशालच्या वॉशिंग सेंटरवर पोचला. खुशाल पन्नाशीचा माणूस, गोंदियात बरीच वर्षं काढून आलेला, त्यामुळे त्याची निम्मी जीभ हिंदीत वळायची. बिसरामनं सगळं सांगितलं, तणसासकट. हळद-लोणी तेवढं गाळलं.

"काका!" खुशाल पाईप खाली टाकून हसायला लागला. "गाडी को बैल समझे क्या? तणीस? अरे बाप रे बाप!"

तो पोट धरून हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. बिसराम उभा राहिला. त्यानं तिकीट काढलं होतं ते हे ऐकायला नव्हे, पण ऐकल्याशिवाय पुढं जाता येणार नाही हेही त्याला कळत होतं.

"झालं हसून?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. "आता कसं काढायचं ते सांग."

रंग घासायची मशीन देता आली असती तर खुशालनं दिली असती, पण ती विजेच्या झटक्यानं जळून नागपूरला दुरुस्तीला गेली होती. "हातानं होते," तो मान खाजवत म्हणाला, "पन कोनी करत नाई. खांदा निकल जाता है. अन् तुमचं वय..."

"वयाचं सोड. कसं होते ते सांग."

खुशालनं त्याला कोपऱ्यात पडलेल्या गाडीच्या एका जुन्या दरवाज्याकडे नेलं. "हे पाहा. रंगाच्या वर काचेसारखा एक पातळ थर राहते. तुमच्या तणसानं अन् तळ्याच्या रेतीनं त्याच्यात बारीक नाल्या पाडल्या. उजेड नालीच्या काठावर अटकते, म्हनून रिंगण दिसते."

"मंग नाल्या बुजवायच्या?"

"बुजवायचा माल भेटते. चार वेळा धुतलं का पुन्हा नाल्या हजर. खरं काम म्हंजे काठ खाली आनायचे. चारी बाजूनं थोडं थोडं, नाली संपेस्तोवर."

बिसरामच्या कपाळावरची एक आठी सुटली. "म्हंजे बांधी सारखी करायची."

धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी सगळीकडे सारखं उभं राहावं लागतं. एका कोपऱ्यात उंचवटा राहिला की तिथला धान उघडा पडतो, म्हणून उंचवटा ओढून ओढून बसवायचा. हे बिसरामला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"बस, तेच!" खुशाल म्हणाला. "पन काका, बांधीची माती हातभर खोल राहते. हा थर कागदाहून पातळ. जास्त ओढलं का खालचा रंग निघते. मंग पेंटरशिवाय इलाज नाई."

त्यानं घासायच्या मालाची एक ट्यूब दिली, स्पंजाच्या दोन गाद्या दिल्या, मऊ कपड्यांचा गठ्ठा दिला, आणि नियम सांगितले. उन्हात करायचं नाही. आधी गाडी भरपूर पाण्यानं धुवायची, कण राहता कामा नये. एका वेळी तळहाताएवढी जागा घ्यायची. खाली पडलेला कपडा मेला समजायचा, झटकून पुन्हा वापरायचा नाही. नख अडकेल अशी रेघ दिसली तर तिच्या नादी लागायचं नाही.

"अन् गोल फिरवायचं नाई. आडवा, मग उभा. गोल फिरवलं अन् एखादा कन राहिला, तं पुन्हा रिंगणच उमटते."

संध्याकाळी बिसराम सुनेसमोर उभा राहिला. एरवी असं काही असलं की तो धुरपताबाईच्या तोंडून सांगायचा. आज धुरपताबाई मुद्दामच तांदूळ निवडायला मागच्या दारी जाऊन बसली होती.

"बेटा," तो म्हणाला, "गाडी मले दे. मी खराब केली. मी नीट करतो."

"राहू द्या मामाजी. चालते तशी."

"तुले नाई चालत. म्हनून तं ती केवलरामच्या घरी हाय."

चेतनानं मान खाली घातली. मग वर केली. तिची एक गोष्ट बिसरामला पहिल्यापासून आवडायची: ती सुई टोचताना 'काहीच दुखत नाही' असं खोटं बोलायची नाही.

"मले भेव वाटते," ती म्हणाली. "तुमी अजून बिघडवसान."

"वाटलंच पाहिजे."

ती जरा वेळ ट्यूब हातात घेऊन वाचत राहिली. "पयले डिक्कीवर हातभर जागा करून दाखवा. ते मी पाहीन. मंग बाकीचं."

"अन् नाई जमलं तं?"

"तं गाडी तिथंच राहील मामाजी," ती म्हणाली.

रविवारी सुट्टी होती. गाडी गोठ्यात आली. बिसराम आधीच गोठा झाडून, पाणी मारून, धूळ बसवून तयार होता. त्यानं डिक्की धुतली, पुसली, गादीवर वाटाण्याएवढा माल घेतला आणि लावला हात.

हात गोल गेला.

त्यानं थांबवला, परत आडवा ठेवला, ओढला. दोनदा आडवा गेला आणि तिसऱ्यांदा मनगट आपोआप वळलं. तो दात दाबून पाहत राहिला आणि हात त्याच्या देखत, त्याचा नसल्यासारखा, गोल फिरत राहिला. पन्नास वर्षं बैल घासले त्या हाताला आता बिसरामचं ऐकायचं कारण नव्हतं.

पुसून झाल्यावर चेतनानं मोबाइलची बॅटरी तिरपी धरली. गोठ्याच्या अंधारात तो हातभर तुकडा लख्ख झाला आणि त्यावर नवी रिंगणं दिसली. जुन्यांपेक्षा बारीक, पण रिंगणंच.

"गोल दिसून रायले," ती म्हणाली.

"दिसून रायले," बिसराम म्हणाला.

"राहू द्या आता."

"अजून तुनं 'नाई' म्हटलं नाई ना?"

चेतनानं मोबाइलची बॅटरी बंद केली. "जेवनापर्यंत," ती म्हणाली. "मंग मी गाडी नेतो."

ती आत गेली. बिसराम उपड्या बादलीवर बसला. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. त्यानं उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला, एखाद्या खोडकर वासराचा कान धरावा तसा. तेवढ्यात धुरपताबाई चहा घेऊन आली आणि त्याला तशा अवस्थेत बघून दारातच थांबली.

"हाताले का झालं?"

"ऐकत नाई."

"एका हाताले एकटं सोडलं तं तो कायले ऐकन?" ती कप ठेवत म्हणाली. "नांगरावर तं दोन्ही ठेवत होते."

ती हे सहज बोलली आणि निघूनही गेली. चहा तसाच राहिला. बिसराम उठला. गादी त्यानं दोन्ही हातांखाली घेतली, कोपरं ताठ केली, पाय फाकवून उभा राहिला आणि हातानं नाही तर अंगानं मागे-पुढे झाला. दोन हात एकमेकांना वळू देईनात. गादी सरळ गेली. सरळ परत आली. दहा वेळा आडवी. मग तो बाजूला सरकून उभा राहिला, आणि दहा वेळा उभी. माल पांढऱ्याचा पारदर्शक झाला, तसा पुसला. पुन्हा माल. पुन्हा आडवा, मग उभा. चौथ्या फेरीला कंबर बोलायला लागली. त्यानं तिला बोलू दिलं. सहाव्या फेरीला कपडा हातातून निसटून खाली पडला; सवयीनं तो उचलून झटकणार होता, पण मग त्यानं तो दूर कोपऱ्यात फेकला. मेला तो मेला.

जेवायला तीन हाका झाल्या. चौथ्या हाकेला चेतनाच आली. तिनं बॅटरी धरली. वरून, बाजूनं, खालून वाकून.

हातभर जागा काळी होती. विहिरीच्या पाण्यासारखी, तळ न दिसणारी. त्या जागेत गोठ्याच्या वाशांसकट चेतनाचा चेहरा स्पष्ट उमटला होता. आणि त्या जागेच्या चारी बाजूंना उरलेली गाडी आता इतकी वाईट दिसत होती की विचारू नका.

"अरे देवा," चेतना म्हणाली. "मामाजी, आता तं पूर्ण करावंच लागते. नाई तं लोक विचारतीन, हे येवढंच काऊन चांगलं?"

आणि पाच दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

सोमवारपासून चेतना एसटीनं ड्यूटीवर जायला लागली. सकाळी पाऊण तास आधी निघायचं, येताना फाट्यावर उभं राहायचं. बिसराम सकाळी तिच्या आधी उठून गोठ्यात असायचा. मागची डावी बाजू, मग दारं, मग छप्पर. छपरासाठी तो बाजेवर चढायचा आणि धुरपताबाई बाज धरून उभी राहायची, तोंडानं त्याला आणि हातानं बाजेला सांभाळत. एका दिवसात परातीएवढ्या तीन जागा व्हायच्या, चांगला दिवस असला तर चार. रात्री खांद्याला लसणाचं तेल. उमेंद्रनं मशीनचा विषय आणखी एकदा काढला.

"बाबूजी, लोक चंद्रावर मशीन पाठवून रायले."

"पाठवू दे. तिथं मी घासलं नाई."

उमेंद्रनं पुन्हा विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मिलवरून येताना त्यानं गोरेगावहून मऊ कपड्यांचा आणखी एक गठ्ठा आणून गुपचूप गोठ्यातल्या खुंटीवर अडकवला.

अकराव्या दिवशी बॉनेट उरलं. तेही दुपारपर्यंत होत आलं आणि तिथंच, डाव्या दिव्याच्या वर, बिसरामला ती सापडली. वीतभर लांब. बोळ्यात एखादा खडा अडकला असावा, त्यानं दाबून ओढला असावा. नख फिरवलं तर अडकत होतं.

त्यानं एक फेरी केली. रेघ जरा पुसट झाली. दुसरी केली. आणखी पुसट. आता सगळी गाडी पाण्यासारखी झाली होती आणि त्यात ही एवढी एकच. अकरा दिवस ज्याचं सगळं अंग सरळ रेषेत दुखत होतं त्या माणसाला एक वीत सोडून दे म्हणणं सोपं नव्हतं. त्यानं तिसऱ्यांदा गादीवर माल घेतला. दोन्ही हात ठेवले. हाताखालचा पत्रा कोमट लागला.

"आता कायले थांबले?" धुरपताबाईनं विचारलं. "येवढंसं तं राहिलं."

"म्हनूनच थांबलो."

काढली असती तर कुणाला कळलं नसतं. आणि खालचा रंग निघाला असता तरी तो 'आधीचंच होतं' म्हणू शकला असता, तणसाच्या नावावर सगळं खपलं असतं. बिसरामनं गादी खाली ठेवली, हात धुतले आणि फाट्यावर जाऊन उभा राहिला. एसटी अर्ध्या तासानं आली. चेतना उतरली आणि सासऱ्याला तिथं बघून घाबरली.

"का झालं? आत्याबाई..."

"ती चांगली हाय. बोलून रायली म्हंजे चांगलीच. एक रेघ राहिली बेटा. बॉनेटवर. नख अडकते. अजून घासलं तं कदाचित निघन, कदाचित रंग जाईन. गाडी तुयी हाय. तू सांग."

गोठ्यात येऊन तिनं पर्स खुंटीला अडकवली, बॅटरी लावली, गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. मग बॉनेटपाशी वाकून रेघेवरून नख फिरवलं.

"तुमाले का वाटते?"

लग्न होऊन ती या घरात आली त्याला सहा वर्षं झाली होती. गाडीबद्दल तिनं कुणाला काही विचारल्याचं बिसरामला आठवत नव्हतं.

"थांबावं वाटते," तो म्हणाला. "मन मानत नाई. पन थांबावं वाटते."

"तं थांबा."

"दिसन ती."

"मलेच दिसन. बाकीच्यांले तं सांगावं लागन, इथं वाका म्हनून." तिनं बॅटरी बंद केली. "मी केवलरामभाऊकडून कव्हर घेऊन येतो."

ती गेली आणि कव्हर काखेत मारून परत आली.

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन ड्यूटीवर गेली. देवरीकडच्या एका गावात लसीकरण होतं. रस्ता खोदलेला, वरून सकाळची सर. संध्याकाळी गाडी आंगणात शिरली ती काचांपर्यंत लाल चिखलानं माखून. बिसराम ओसरीतून उठला. दोन पावलं गेला. मग आपल्याला कुणी बोलावलेलं नाही हे लक्षात येऊन परत बाजेवर बसला.

चेतनानं आतून दोन बादल्या आणि प्लास्टिकचा एक मग आणला.

"मामाजी, बसून काऊन रायले? या ना."

तो आला.

"पयले नुसतं पानी. हात लावायचा नाई. चिखल आपोआप खाली उतरला पाहिजे."

"माहीत हाय."

"मंग ओला कपडा. दुसऱ्या बादलीत पिळायचा."

"माहीत हाय वो बेटा."

दोघांनी मिळून छपरावरून पाणी सोडलं. लाल ओघळ दारांवरून उतरले आणि त्यांच्या मागून काळा रंग निघत गेला. डावी बाजू झाली, बॉनेट अर्धं झालं. तेवढ्यात चेतनाचा फोन वाजला. केंद्रावरून कुणीतरी उद्याची यादी विचारत होतं. तिनं हातातला कपडा पिळून बिसरामच्या हातात दिला.

"उरलेली तुमी करा," ती म्हणाली. "मी चहा मांडतो." आणि फोन कानाला लावून आत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

बिसराम आंगणात एकटा उभा राहिला, समोर अर्धी धुतलेली गाडी. धुरपताबाई दारात येऊन काहीतरी बोलणार होती. त्यानं तिला हातानंच गप्प केलं, बादलीतलं गढूळ पाणी ओतून टाकलं आणि ताजं आणायला गेला.